डी-डायमर सगळ्यात शेवटी बघा! गंभीर व्हायरल पेशंटचे क्लॉटिंग रिपोर्ट कसे घ्यायचे, कसे वाचायचे

रात्री तीनला वॉर्डातून फोन येतो, "सर, डी-डायमर चार हजार आलाय, हेपॅरिनचा डोस डबल करू का?" मी विचारतो प्लेटलेट किती, तर "बघून सांगतो". फायब्रिनोजेन? "पाठवलंच नाही". सॅम्पल कुठून काढलं? मग जरा वेळ शांतता. हा फोन इतक्यांदा आलाय की शेवटी म्हटलं सगळं एकदा लिहूनच टाकू, म्हणजे निदान फोन करायच्या आधी वाचता येईल. (अगदी नव्यांसाठी: डी-डायमर म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणारे तुकडे, फायब्रिनोजेन म्हणजे गुठळी बनवणारं प्रोटीन, हेपॅरिन म्हणजे गुठळी होऊ न देणारं औषध.)

हे लिहिलंय वॉर्डातल्या आणि आयसीयूतल्या नव्या डॉक्टरांसाठी, सिस्टरांसाठी आणि सॅम्पल घेणाऱ्या टेक्निशियनसाठी. नातेवाईक वाचत असतील तर वाचा, पण यावरून कुणाचा डोस ठरवू नका, तुमच्या कामाचं शेवटच्या टप्प्यात आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. व्हायरस एकसारखा वागत नाही. गंभीर कोविडमध्ये रक्तवाहिनीचं आतलं अस्तर दुखावतं, मोनोसाइटवर टिश्यू फॅक्टर येतो, न्यूट्रोफिल स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर टाकतात, फॅक्टर आठ आणि फॉन विलब्रँड फॅक्टर वाढतात आणि वर गुठळी विरघळवणारी यंत्रणाही पीएआय-१ नावाच्या प्रोटीनमुळं दबून जाते, म्हणजे सगळा कल गुठळ्या होण्याकडे. गंभीर फ्लूमध्येही गुठळ्यांचा धोका वाढतो. डेंग्यूत मात्र प्लेटलेट पडतात, वाहिन्यांतून प्लाझ्मा गळतो, एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी एक टेस्ट) लांबतो, फायब्रिनोजेन उतरतं, आणि तिथे काळजी रक्तस्रावाची आणि शॉकची असते. त्यामुळे "गंभीर व्हायरल आहे ना, मग सुरू करा हेपॅरिन" हे वाक्य डेंग्यूच्या पेशंटला महागात पडू शकतं.

टप्पा १. सुई टोचायच्या आधीची तयारी

फॉर्मवर फक्त "कोॲग्युलेशन प्रोफाइल" लिहून पाठवू नका. या गोष्टी लिहा: कुठला व्हायरस (किंवा संशय), तापाचा कितवा दिवस, हेपॅरिनचा शेवटचा डोस किती वाजता आणि किती, पेशंट आधीपासून वॉर्फरिन, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन, अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल यातलं रक्त पातळ करणारं काही घेतो का, आणि टोसिलिझुमॅब (गंभीर कोविडमध्ये दाह कमी करायला देतात ते इंजेक्शन) दिलंय का. या शेवटच्याचं कारण पुढे येईल.

आणि तुमच्याकडे, म्हणजे केसपेपरवर, वजन आणि आजचं क्रिएटिनिन असलंच पाहिजे. वजन अंदाजानं लिहिलेलं असतं बऱ्याचदा, सगळ्यांचं ६०, हा काय योगायोग आहे का?

एकाच वेळी पाठवायचं ते असं: सीबीसी आणि स्मिअर (काचपट्टीवर पसरून बघायचं रक्त), पीटी-आयएनआर (गोठण्याच्या वेळेची दुसरी टेस्ट), एपीटीटी, फायब्रिनोजेन, डी-डायमर, शिवाय क्रिएटिनिन आणि लिव्हरच्या टेस्ट. फायब्रिनोजेन सगळ्यात जास्त विसरलं जातं आणि खरं म्हणजे तेच सगळ्यात जास्त सांगतं.

चेक: सगळे रिपोर्ट एकाच सॅम्पलच्या वेळेचे आहेत का? सकाळच्या प्लेटलेट आणि रात्रीचा पीटी शेजारी ठेवून निष्कर्ष काढू नका, गंभीर पेशंटमध्ये बारा तासात चित्र पालटतं.

टप्पा २. सॅम्पल घेणं (अर्ध्या चुका इथेच होतात)

निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ३.२ टक्के सोडियम सायट्रेट (रक्त गोठू न देणारं द्रव्य) असतं आणि सगळा हिशोब नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असा आहे. ट्यूब डोळ्यासमोर उभी धरा, लेबलजवळ एक बारीक रेघ असते, रक्त तिथपर्यंत आलं पाहिजे. रेघेच्या ९० टक्क्यांच्या खाली राहिलं की सायट्रेट जास्त होतं, ते टेस्टमध्ये घातलेलं कॅल्शियम खातं आणि पीटी, एपीटीटी खोटे लांबतात. उलट झाकण काढून वरून रक्त ओतून भरलं तर सायट्रेट कमी पडतं आणि ट्यूबमध्येच गुठळी होते. दोन अर्ध्या ट्यूब एकत्र करून एक पूर्ण करणारे पण बघितलेत मी, त्यात सायट्रेट दुप्पट होतं, कृपया करू नका.

क्रम असा: ब्लड कल्चर असेल तर ते पहिलं, मग निळी, मग सीरमची, मग हेपॅरिनची हिरवी, मग ईडीटीएची जांभळी, शेवटी फ्लोराइडची करडी. जांभळी आधी घेतली की तिच्यातला ईडीटीए निळीत जाऊ शकतो. बटरफ्लाय सुई वापरत असाल तर तिच्या बारीक नळीत हवा असते, ती हवा पहिल्या ट्यूबमध्ये जाते आणि तेवढं रक्त कमी भरतं, म्हणून आधी एक टाकाऊ ट्यूब जोडा आणि मग खरी निळी लावा.

पट्टा एक मिनिटाच्या वर बांधून ठेवू नका, शीर सापडत नसेल तर सोडा, थांबा, परत बांधा. आत सुई फिरवत बसून कसंबसं थेंब थेंब भरलेलं सॅम्पल क्लॉटिंगसाठी बादच समजा. भरल्या भरल्या ट्यूब तीन-चार वेळा हळूच उलटीसुलटी करायची, सरबतासारखी हलवायची नाही.

लाईनमधून काढायची वेळ आलीच (आयसीयूत येतेच) तर लाईन हेपॅरिननं फ्लश केलेली आहे का ते सिस्टरांना विचारा. असेल तर शक्यतो दुसऱ्या हाताच्या शिरेतून घ्या. पर्यायच नसेल तर सलाइननं फ्लश करून पहिलं निदान ५ मिली रक्त बाजूला काढा आणि त्यानंतरचं ट्यूबमध्ये घ्या. आणि ज्या हातात सलाइन चालू आहे त्याच हातात वरच्या बाजूला टोचू नका, सगळंच पातळ होऊन येतं.

थांबा: डेंग्यूत किंवा खूप डिहायड्रेट झालेल्या पेशंटमध्ये हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा टक्का) ५५ च्या वर असेल तर रक्तात प्लाझ्माच कमी असतो, म्हणजे ट्यूब रेघेपर्यंत भरूनसुद्धा सायट्रेट जास्तच पडतं. लॅबला आधी फोन करा, ते सायट्रेट मोजून कमी केलेली ट्यूब देतात. फोन न करता लांबलेला एपीटीटी बघून घाबरण्यापेक्षा हे सोपं आहे.

पाठवताना बर्फात ठेवायचं नाही, फ्रीजमध्ये तर नाहीच, थंडीनं फॅक्टर सात उगाच जागा होतो. साध्या तापमानाला ठेवून लगेच पाठवा. एपीटीटी चार तासांच्या आत व्हायला हवा, आणि पेशंटला साधं हेपॅरिन चालू असेल तर एका तासात ट्यूब सेंट्रिफ्यूज व्हायला हवी, नाहीतर प्लेटलेटमधून निघणारा एक घटक हेपॅरिन निकामी करत राहतो आणि एपीटीटी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

टप्पा ३. रिपोर्ट आला, पण सॅम्पलवर विश्वास ठेवायचा का?

हा टप्पा कुणीच करत नाही, दोन मिनिटं लागतात फक्त.

प्लेटलेट अचानक पडल्या, पेशंट तर बरा दिसतोय, अंगावर एक ठिपका नाही? स्मिअर बघा किंवा बघायला सांगा. आमच्याकडे एकदा ३४ हजारचा रिपोर्ट बघून प्लेटलेटची पिशवी मागवायची गडबड सुरू झाली होती, नातेवाईक डोनर शोधायला पळाले, आणि स्मिअरच्या कडेला बघितलं तर प्लेटलेटचे घोसच्या घोस. ईडीटीएमुळं काही लोकांच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीन घोस मोजत नाही. त्याच पेशंटचं निळ्या ट्यूबमधलं मोजलं (येणाऱ्या आकड्याला १.१ नं गुणायचं, सायट्रेटनं रक्त पातळ झालेलं असतं म्हणून) तर दीड लाखाच्या आसपास निघाल्या.

एपीटीटी प्रचंड लांब आणि पीटी अगदी व्यवस्थित, असं आलं तर पहिला संशय लाईनमधल्या हेपॅरिनचा. कारण पीटीच्या बऱ्याच रिएजंटमध्ये हेपॅरिन मारणारं द्रव्य असतंच, त्यामुळे पीटी वाचतो आणि एपीटीटी सापडतो.

सगळंच बिघडलेलं आणि त्याच वेळच्या बायोकेमिस्ट्रीत पोटॅशियम खूप जास्त, कॅल्शियम खूप कमी? ईडीटीए मिसळलंय. परत घ्या.

प्लेटलेट कमी, फायब्रिनोजेन कमी, आणि लॅबवाल्यानं "ट्यूबमध्ये बारीक गुठळी" असं लिहिलंय? मग ते पेशंटचं नाही, ट्यूबचं डीआयसी (शरीरभर रक्त गोठत जाऊन गोठण्याचा मालच संपणं) आहे. परत घ्या.

टप्पा ४. आकडे वाचण्याआधी पेशंटकडे जा

खरंच उठून जा. चादर बाजूला करा आणि दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा, एक जास्त सुजलीय का, टेप असेल तर मोजा, तीन सेंटिमीटरच्या वर फरक म्हणजे लक्ष द्यायला हवं. लाईन असलेला हात, मान सुजलीय का? बोटांची टोकं काळीनिळी? आणि रक्तस्रावाच्या जागा: हिरड्या, टोचल्याची ठिकाणं, लघवीची पिशवी, शौचाचा रंग, नाकातून घातलेल्या नळीत काय येतंय ते.

ऑक्सिजन काल चार लिटरवर निवांत होता आणि आज अचानक पंधरावर पण भागत नाही, नाडी १३०, आणि एक्सरे कालच्यासारखाच, हे चित्र फुप्फुसातल्या गुठळीचं असू शकतं. तसंच डायलिसिसचं सर्किट पुन्हा पुन्हा जाम होत असेल तर मशीनला शिव्या देण्याआधी पेशंटच्या रक्ताचा विचार करा, ती एक महत्त्वाची खूण आहे.

टप्पा ५. आता रिपोर्ट, या क्रमानं

पहिल्या प्लेटलेट. आकडा नाही, दिशा बघा. साडेतीन लाखावरून दीड लाखावर आलेल्या प्लेटलेट "नॉर्मल" नाहीत. गंभीर कोविडमध्ये सुरुवातीला प्लेटलेट बऱ्यापैकी ठीक असतात, थोड्याच कमी, त्यामुळे कोविडमध्ये त्या झपाट्यानं पडायला लागल्या तर काहीतरी नवीन घडतंय: डीआयसी, वरून बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, किंवा हेपॅरिनमुळंच झालेली घट. हेपॅरिन सुरू केल्यावर पाचव्या ते दहाव्या दिवसात प्लेटलेट निम्म्याहून जास्त पडल्या तर हा तिसरा संशय मोठ्यानं बोलून दाखवा, कारण त्यात प्लेटलेट कमी होऊनही गुठळ्या होतात आणि औषध चालू ठेवणं म्हणजे आगीत तेल.

मग पीटी. आयएनआर १.३, १.४ एवढं गंभीर आजारात चालतं, त्यासाठी एफएफपी (गोठवून ठेवलेला प्लाझ्मा) लटकवू नका, रक्तस्राव नसेल तर त्याचा उपयोग नाही, उलट आधीच ओल्या फुप्फुसात पाणी वाढतं. दोन आठवडे आयसीयूत, तोंडानं खाणं नाही, अँटिबायोटिकचा मारा, आणि एकटा पीटीच हळूहळू वाढतोय? व्हिटॅमिन के कमी पडलंय का बघा. साधी गोष्ट आहे पण फार उशिरा सुचते.

मग एपीटीटी. कोविडमध्ये बऱ्याच पेशंटमध्ये ल्युपस अँटिकोॲग्युलंट सापडतो, त्यानं एपीटीटी ट्यूबमध्ये लांबतो पण पेशंटला त्यामुळे रक्तस्राव होत नाही. नाव फसवं आहे. नुसता एपीटीटी लांबलाय म्हणून गुठळ्या टाळायचं हेपॅरिन बंद करणं ही चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलीय. आणि एनोक्सापॅरिन (हेपॅरिनचाच एक प्रकार) लागू पडतंय का हे एपीटीटीवरून कळत नाही, त्यासाठी अँटी-टेन-ए ही वेगळी टेस्ट असते, डोस दिल्यावर चार तासांनी घेतात.

मग फायब्रिनोजेन, आणि इथे जरा थांबा. नॉर्मल साधारण २०० ते ४०० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर). पण गंभीर इन्फेक्शनमध्ये लिव्हर ते भराभरा तयार करतं, गंभीर कोविडमध्ये ६००-७०० सहज दिसतं. म्हणून सोमवारी ६८०, बुधवारी ४१०, शुक्रवारी २१० असं आलं तर रिपोर्टवर "कमी" दाखवणारा एकही लाल बाण नसतो, तिन्ही दिवस "रेंजमध्ये किंवा वर", आणि पेशंट मात्र फायब्रिनोजेन जाळत चाललाय. डीआयसीची सुरुवात अशीच दिसते. एकच अपवाद लक्षात ठेवा, टोसिलिझुमॅब दिल्यावर लिव्हर फायब्रिनोजेन कमी बनवतं, मग ते उतरतं पण प्लेटलेट आणि पीटी जागेवर राहतात. म्हणून फॉर्मवर ते लिहायला सांगितलं.

आणि सगळ्यात शेवटी डी-डायमर. वय, प्रेग्नन्सी, ऑपरेशन, कॅन्सर, लिव्हरचा आजार, कुठलंही इन्फेक्शन, कशानंही वाढतो. आयसीयूतल्या पेशंटमध्ये डी-डायमर वाढलेला नसेल तरच आश्चर्य. तो आजाराची तीव्रता सांगतो, गुठळी कुठे आहे ते सांगत नाही.

थांबा: युनिट बघितलंत का? डी-डायमर दोन पद्धतींनी लिहितात, एफईयू आणि डीडीयू, आणि एफईयूचा आकडा साधारण दुप्पट येतो. वर कुणी नॅनोग्रॅम, कुणी मायक्रोग्रॅम. ५०० नॅनोग्रॅम एफईयू म्हणजेच ०.५ मायक्रोग्रॅम एफईयू म्हणजेच साधारण २५० नॅनोग्रॅम डीडीयू. एका पेशंटचा बाहेरच्या लॅबचा सकाळचा ४६०, आमचा दुपारचा ९१०, केसपेपरवर ठळक अक्षरात "सहा तासात दुप्पट!!" आणि डोस वाढवलेला. पहिला डीडीयू होता, दुसरा एफईयू. पेशंटमध्ये काडीचाही फरक पडला नव्हता.

टप्पा ६. सगळं एकत्र ठेवा

उघड डीआयसीसाठी आयएसटीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेचा स्कोअर वापरतात, तोंडपाठ करा, अवघड नाहीये. प्लेटलेट ५० हजार ते १ लाख असेल तर १ गुण, ५० हजारांखाली २. डी-डायमर मध्यम वाढला तर २, खूप वाढला तर ३. पीटी कंट्रोलपेक्षा ३ ते ६ सेकंद लांबला तर १, त्याहून जास्त तर २. फायब्रिनोजेन १०० च्या खाली तर १. बेरीज ५ किंवा वर गेली की उघड डीआयसी. पाचच्या खाली आली म्हणजे सुटलात असं नाही, रोज परत मोजायचा. आणि वर म्हटलं तसं फायब्रिनोजेन १०० च्या खाली जायची वाट बघत बसलात तर फार उशीर होतो, म्हणून स्कोअरच्या शेजारी घसरणही लिहा.

ढोबळ चित्रं अशी. फायब्रिनोजेन भरपूर, डी-डायमर जास्त, प्लेटलेट आणि पीटी जवळपास ठीक: गंभीर कोविडचं नेहमीचं चित्र, गुठळ्यांकडे लक्ष. प्लेटलेट पडतायत, पीटी लांबतोय, फायब्रिनोजेन उतरतंय, डी-डायमर वर: डीआयसी. प्लेटलेट एकदम कमी, हिमॅटोक्रिट चढतंय, एपीटीटी लांब: डेंग्यू, आणि तिथे प्लेटलेटच्या आधी फ्लुइडचा हिशोब.

टप्पा ७. निर्णय: किती हेपॅरिन, कुणाला

कोविडनं ॲडमिट असलेल्या मोठ्या माणसाला, रक्तस्राव नसेल आणि प्लेटलेट २५-३० हजारांच्या वर असतील तर गुठळ्या टाळायचा नेहमीचा डोस द्यायचा: एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम दिवसातून एकदा पोटाच्या कातडीखाली. किडनीचा क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर डोस कमी किंवा साधं हेपॅरिन ५००० युनिट दिवसातून दोन-तीनदा. वजन फार जास्त असेल तर सिनिअरशी बोलून बदल. औषध देता येत नसेल तर पायांना हवेनं दाबणारी मशीन लावा, "देता येत नाही" म्हणून नुसतं सोडून देऊ नका.

आता तो फोनवाला प्रश्न, डी-डायमर जास्त म्हणून डोस वाढवायचा का. याचं उत्तर अंदाजानं द्यायची गरजच उरलेली नाही. २०२१ साली रिमॅप-कॅप, अ‍ॅटॅक आणि अ‍ॅक्टिव्ह-४ए या तीन ट्रायलनी मिळून बघितलं, आयसीयूतल्या गंभीर कोविड पेशंटना पूर्ण डोस (झालेल्या गुठळीवर देतात तो) देऊन फायदा झाला नाही आणि मोठा रक्तस्राव २.३ टक्क्यांवरून ३.८ टक्क्यांवर गेला. वॉर्डातल्या, अजून आयसीयूत न गेलेल्या पेशंटमध्ये मात्र पूर्ण डोस हेपॅरिनचा फायदा दिसला, म्हणून तिथे रक्तस्रावाचा धोका कमी असेल तर सिनिअर तसा निर्णय घेऊ शकतात. इराणच्या इन्स्पिरेशन ट्रायलमध्ये आयसीयूत मधला डोस देऊन बघितला, तोही नेहमीच्या डोसपेक्षा सरस ठरला नाही. आणि ब्राझीलच्या अ‍ॅक्शन ट्रायलमध्ये तर डी-डायमर वाढलेलेच पेशंट घेतले होते, त्यांना पूर्ण डोसात मुख्यतः रिव्हारोक्साबॅन दिलं, फायदा शून्य, दखल घ्यावी असा रक्तस्राव २ टक्क्यांऐवजी ८ टक्के. म्हणजे आकडा बघून डोस वाढवायचा हा प्रयोग झालेला आहे, तुम्ही परत करू नका.

गुठळीचा खरा संशय असेल तर डोस वाढवण्याऐवजी गुठळी शोधा: पायाचा डॉप्लर, सीटी पल्मनरी अँजिओ, पेशंट हलवता येत नसेल तर बेडजवळ इको. सापडली, किंवा संशय दाट आणि तपासणी शक्यच नाही, तर पूर्ण डोस, एनोक्सापॅरिन किलोला १ मिलिग्रॅम दर बारा तासांनी, किडनी बघून. प्लेटलेट ५० हजारांच्या खाली असतील तर पूर्ण डोस एकट्यानं ठरवायचा नाही.

डेंग्यूत हे काहीच नाही. हेपॅरिन नाही, अ‍ॅस्पिरिन नाही, आयब्युप्रोफेन-डायक्लोफेनॅक नाही, दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नाही. तापाला पॅरासिटामॉल.

इंजेक्शन देतानाच्या चुका, कारण इथेही गंमत असते. भरलेल्या सिरिंजमध्ये एक हवेचा बुडबुडा असतो, पूर्ण डोस द्यायचा असेल तर तो काढायचा नाही, काढताना औषधाचा थेंब जातो. पेशंटला आडवं झोपवा, बेंबीपासून चार बोटं लांब, बाजूला कातडीची जाड घडी चिमटीत धरा, सुई सरळ नव्वद अंशात पूर्ण आत, औषध संपून सुई बाहेर येईपर्यंत घडी सोडायची नाही. नंतर चोळायचं नाही! चोळलं की मोठा निळा डाग पडतो आणि मग "रक्तस्राव झाला" म्हणून पुढचा डोस कुणीतरी बंद करतं. रोज बाजू बदला.

चेक: सेंट्रल लाईन, पाठीतून पाणी काढणं असलं काही ठरलंय का? गुठळ्या टाळायच्या डोसनंतर बारा तास आणि पूर्ण डोसनंतर चोवीस तास जाऊ द्यायला हवेत पाठीतल्या प्रोसिजरसाठी. राउंडला आधी विचारा, डोस दिल्यावर नाही.

टप्पा ८. रक्तस्राव सुरू झाला तर

आकडा सुधारायचा नाही, रक्तस्राव थांबवायचा. डीआयसीत वाहत असेल तर प्लेटलेट ५० हजारांच्या वर, फायब्रिनोजेन १५० च्या वर ठेवायचा प्रयत्न, त्यासाठी क्रायो (प्लाझ्मातला फायब्रिनोजेन भरपूर असलेला भाग), आणि पीटी बराच लांबला असेल तर एफएफपी. रक्तस्राव नसेल तर बहुतेक ठिकाणी २० हजारांच्या वर असलेल्या प्लेटलेटसाठी पिशवी लावत नाहीत. डेंग्यूत तर नुसत्या आकड्यासाठी दिलेल्या प्लेटलेटनं रक्तस्राव टळत नाही, हे ट्रायलमध्ये बघून झालंय, दोन दिवसांनी त्या आपोआप चढतात आणि श्रेय पिशवीला जातं.

टप्पा ९. परत कधी तपासायचं

आयसीयूत प्लेटलेट, पीटी, फायब्रिनोजेन रोज, तब्येत ढासळली तर आधी. वॉर्डात स्थिर पेशंटला एक-दोन दिवसाआड चालतं. डी-डायमर दर सहा तासांनी मागवू नका, तो रक्तातून अर्धा व्हायलाच साधारण आठ तास घेतो, तुम्ही फक्त पेशंटचं रक्त आणि स्वतःची झोप घालवता. शक्यतो एकाच लॅबमध्ये, एकाच युनिटमध्ये, आणि सगळे आकडे तारखेप्रमाणे एका कागदावर ओळीनं लिहा. सुटे रिपोर्ट फाइलमध्ये असतात पण घसरण फक्त त्या कागदावर दिसते.

टप्पा १०. घरी सोडताना (नातेवाईकांनी हे वाचा)

प्रत्येकाला रक्त पातळ करायची गोळी देऊन घरी पाठवायचं नाही. ब्राझीलच्याच मिशेल ट्रायलमध्ये गुठळीचा धोका जास्त असलेल्या निवडक कोविड पेशंटना घरी गेल्यावर ३५ दिवस रिव्हारोक्साबॅन १० मिलिग्रॅम दिलं तेव्हा गुठळीच्या घटना ९ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आल्या, पण ते निवडलेले पेशंट होते. कोविडमध्ये सगळ्यांना अ‍ॅस्पिरिन देऊन मृत्यू कमी झाले नाहीत, रिकव्हरी ट्रायलमध्ये ते स्पष्ट झालं.

गोळी लिहून दिली असेल तर डिस्चार्ज कार्डवर तीन गोष्टी आहेत का बघा: कशासाठी, किती दिवस, थांबवायची तारीख. ही तारीख नसली की लोक एकतर आठव्या दिवशी बंद करतात किंवा वर्षभर घेत राहतात. रिटोनाव्हिर असलेलं अँटिव्हायरल चालू असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्यानं रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅनचं प्रमाण रक्तात वाढतं. अंगदुखीला मनानं पेनकिलर नको. डोस चुकला म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायचे नाहीत.

पोटरी एका बाजूची सुजली, दुखायला लागली, अचानक धाप, छातीत टोचणं, बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं, काळं शौच, न थांबणारं नाकातलं रक्त: यातलं काहीही झालं तर घरून डी-डायमर करायला लॅबमध्ये जाऊ नका, सरळ इमर्जन्सीत या आणि चालू औषधांची पाकिटं बरोबर आणा.